सोन्याच्या थरावर एक कोटीत एक

लोलकातील पूर्ण आंतरिक परावर्तन आपण वर्गात शिकवतोच. लोलकाच्या त्या पृष्ठभागावर सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे वर्खाहूनही पातळ असा सोन्याचा थर चढवला, तर वेगळेच घडते. ध्रुवित एकरंगी प्रकाश आतून टाकून कोन हळूहळू वाढवला, की एका ठरावीक कोनाला परावर्तित प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. त्याची ऊर्जा सोन्यातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनांना मिळते. याला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात.

सोन्याला बाहेरून काय चिकटले आहे, यावर हा कोन अवलंबून असतो. सोन्यावर प्रतिपिंडे बसवून वरून रक्तद्रव सोडला, की जुळणारे प्रथिन तेथे अडकते, अपवर्तनांक किंचित वाढतो आणि कोन सरकतो. जैविक तपासणीसाठी ही युक्ती स्वीडनमधील संशोधकांनी 1983 साली मांडली.

संवेदनक्षमता वाढवायची तर कोन अधिक सरकवावा, असे प्रथम सुचते. आमच्या मते खरी झुंज गोंगाटाशी आहे. पाण्याचा अपवर्तनांक एका अंश सेल्सियसला साधारण एक दशसहस्रांशाने बदलतो. उपकरणाला मात्र एक दशलक्षांशाचा फरक ओळखायचा असतो. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे: तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर हवे! म्हणूनच शेजारी प्रतिपिंडे नसलेला सोन्याचा दुसरा ठिपका ठेवून त्याचे वाचन वजा करतात.

दुसरा उपाय चुंबकाचा. सोन्याला चुंबकीय पदार्थाची जोड देऊन चुंबकक्षेत्र ठरावीक तालात उलटसुलट करायचे आणि त्याच तालात बदलणारा प्रकाश तेवढा मोजायचा. लालबागच्या मिरवणुकीत हजार आवाजांतून कान ताशाचा ठेका वेगळा काढतो, तसेच हे. 2011 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वेंगुर्लेकर, वेणू गोपाल आदींनी रशियन व जर्मन सहकाऱ्यांसह चुंबकीय गार्नेटवर बारीक फटींचा सोन्याचा थर देऊन हा चुंबकीय परिणाम अनेक पटींनी वाढवून दाखवला. लोलकाचे काम तेथे फटीच करतात.

परळच्या रुग्णालयांत रोज येणाऱ्या रक्ताकडे पाहिले, की अडचण निराळीच दिसते. एका मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन सुमारे 40 मिलिग्रॅम असते, तर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तपासले जाणारे पीएसए अवघे काही नॅनोग्रॅम. फरक साधारण एक कोटी पटींचा! अल्ब्युमिनही सोन्याला चिकटते आणि नाजूक उपकरण तेही इमानाने नोंदवते. म्हणून रक्तद्रव धुऊन काढून, सोन्याचे सूक्ष्म कण लावलेले दुसरे प्रतिपिंड सोडतात. ते अडकलेल्या पीएसएलाच धरते आणि कणांमुळे कोन ठळकपणे सरकतो. यात एक पायरी वाढते, वेळही लागतो. पण रुग्णाच्या दृष्टीने हा सौदा आम्हाला महाग वाटत नाही.