मॉडेल टी आणि रॉकी माउंटन ब्रेक

फोर्डच्या मॉडेल टी (१९०८ ते १९२७) या गाडीचा पायब्रेक चाकांना थेट धरत नाही. उजवे पेडल गिअरपेटीत इंजिनाच्याच तेलात भिजणाऱ्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळते, आणि ती पकड शाफ्ट, पिनियन व डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागील चाकांना फिरकी वाटून देणारी दंतचक्रांची जुळणी, यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचते. त्यामुळे मागील आसातील बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या चकत्यांचा भुगा होऊन दाते सुटले, किंवा मागाहून बसवलेली जादा गिअरपेटी न्यूट्रलमध्ये राहिली, तर पायब्रेक पूर्णपणे निकामी ठरतो. हातब्रेक चाकांवर चालतो खरा, परंतु तो मुख्यतः उभी गाडी धरून ठेवण्यापुरताच.

ही उणीव त्या काळातच ओळखून ‘रॉकी माउंटन’ नावाचे जोडब्रेक विकले जात. त्यांत मागील चाकांच्या ड्रमवर बाहेरून अस्तर लावलेला पट्टा बसतो आणि तो सळ्यांनी त्याच पेडलाला जोडला जातो, तर मधला समतोल दांडा दोन्ही चाकांवर सारखा ताण पाडतो. जुळणी अशी हवी की आधी चाकांवरचे पट्टे धरावेत आणि मगच गिअरपेटीतील पट्टा. मर्यादाही आहेत: पुढे फिरणारा ड्रम पट्ट्याला आणखी आवळून घेतो, उलट फिरताना मात्र तोच ड्रम पट्टा सैल करतो, म्हणून चढावर मागे घसरणाऱ्या गाडीला या ब्रेकचा आधार तोकडा पडतो, उघडे पट्टे पावसात भिजले की पकडही घटते. तरीही जुन्या गाडीच्या अस्सलपणाच्या हट्टापायी हे ब्रेक नाकारणे अनाठायीच.