बापाची रजा बारशापुरती नको

परवा एक जोडपे तीन महिन्यांचे बाळ घेऊन दवाखान्यात आले. पहिले बाळंतपण माहेरी झालेले, सासरी येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. बाळाचे वजन उत्तम होते, पण आईचे डोळे खोल गेले होते. रात्री चार-पाच वेळा उठायचे आणि दिवसा स्वयंपाक, धुणे, पाहुणे. नवरा केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला. "थोडे दिवस घरी थांबता येईल का?" असे विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "डॉक्टर, माझी पंधरा दिवसांची रजा बारशाच्या धावपळीतच संपली."

केंद्र सरकारी नोकरांना पितृत्व रजा मिळते, हे पुष्कळांना माहीत असते. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. एक वर्षाच्या आतील मूल दत्तक घेतले तरीही वडिलांना १५ दिवस मिळतात. मुदतीत घेतली नाही, तर ही रजा बुडते. खासगी कारखान्यात किंवा दुकानात ती मालकाच्या मर्जीवर असते. तेथे हक्काची रजा आधीपासून शिल्लक ठेवणे शहाणपणाचे.

मग ही रजा केव्हा घ्यावी? बाळंतपण घरी दोघांच्याच संसारात असेल किंवा सिझेरियन झाले असेल, तर पहिले दोन आठवडे. बाळंतीण माहेरी असेल, तर ती परत येईल तेव्हा. तेथे आई, मावशी हाताशी असतात, खरी ओढाताण सासरी आल्यावर सुरू होते.

गर्भाशय पूर्वस्थितीला यायला साधारण सहा आठवडे लागतात. आपल्याकडे सव्वा महिना विश्रांती सांगितली आहे, त्यात तथ्य आहे. पूर्वी ही विश्रांती घरातल्या चार बायका मिळून देत. आता दोन खोल्यांच्या घरात ती कोण देणार? आईला २६ आठवड्यांची रजा २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने दिली, पण रात्रीची झोप कोणताही कायदा देत नाही. ती नवराच देऊ शकतो.

अंगावर पाजणे सोडले, तर बाळाचे एकही काम असे नाही की जे बापाला जमणार नाही. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री बाळ उचलून आईजवळ देणे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीसाठी नेणे. दत्तक बाळाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. त्या बाळाला आईबापांचा स्पर्श, आवाज आणि वास नव्याने ओळखायचा असतो, आणि त्यासाठी सहवासच लागतो.

घरी थांबणाऱ्या नवऱ्याने आणखी एक काम करावे. बायकोकडे लक्ष द्यावे. रक्तस्राव अचानक वाढणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, एका पायाला सूज व वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे स्वाभाविक आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, बाळाविषयीही गोडी वाटेनाशी झाली, तर तो नखरा नव्हे, आजार आहे आणि उपचारांनी तो बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर एक तासही थांबू नये.

स्वीडनने १९७४ साली आईबापांत वाटून घेता येईल अशी रजा दिली. तरी पहिली अनेक वर्षे ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. १९९५ साली एक महिना केवळ वडिलांसाठी राखून ठेवला, घेतला नाही तर तो बुडणार, तेव्हा कोठे बाप घरी थांबू लागले. म्हणजे संकोच सगळीकडचाच. "बाळंतपणात पुरुषाचे काय काम?" हा प्रश्न आपल्याच अंगणातला नाही.

त्या तरुणाला मी अर्जित रजा टाकायला सांगितले. दहा दिवसांनी दोघे पुन्हा आले. बाळ बापाच्या खांद्यावर झोपले होते, आणि आईच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची टवटवी होती. औषधाची चिठ्ठी मी लिहिलीच नाही.