मांजर, घर आणि घरातला वास



मांजराच्या वासासारखा विषय या व्यासपीठावर यावा याचे कुणाला हसू आले, तर त्यात नवल नाही. परंतु घरातून मांजराची उचलबांगडी होते ती पुष्कळदा याच कारणाने. मांजराने दूध सांडले तर आपण चार शब्द रागावतो आणि विसरतो; पण बाहेरच्या खोलीत वास येऊ लागला, पाहुणे नाक मुरडू लागले, की पोते निघते आणि ते बिचारे मंडईपलीकडे सोडले जाते. आणि ज्याला आपण मांजराचा घाणेरडेपणा म्हणतो त्याचे मूळ बहुधा आपल्या व्यवस्थेत किंवा मांजराच्या दुखण्यात असते.

प्रथम हा वास येतो कोठून ते पाहू. आपले पाळीव मांजर हे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराचे वंशज. कोरड्या मुलखात पाण्याचा थेंबन् थेंब वाचवावा लागे. म्हणून त्याचे मूत्रपिंड मूत्र फार घट्ट करते. ते ताजे असते तेव्हा वास बेताचाच असतो. पुढे जंतू त्यातील युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. नाकाला झोंबतो तो हा. शिवाय त्यात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते, आणि ते विघटित झाले म्हणजे खास ‘बोक्याचा’ वास पसरतो. २००६ साली जपानमधील मासाओ मियाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हे द्रव्य तयार होण्यामागे मांजराच्या मूत्रातील कॉक्सिन हे प्रथिन असते. खच्ची न केलेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वांत अधिक. वासाची तक्रार बोक्याविषयी अधिक का होते, याचे उत्तर येथे आहे.

आता उपाय. मांजर उपजतच मऊ माती उकरून विधी उरकते आणि झाकते. वाळू, राख, लाकडाचा भुसा यांवर पूर्वी लोक भागवीत. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो या गृहस्थाकडे शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली. त्याने तिला ओल शोषणारी भाजकी माती दिली. ही माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची! आज बाजारात मिळते ती गोळा होणारी माती बहुधा बेंटोनाइटची असते. ओल लागलेला भाग घट्ट होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो.

माती कोणतीही असो, नियम थोडेच आहेत. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे अधिक ठेवावा. तो ऐसपैस असावा, शांत जागी असावा, आणि जेवणाच्या वाटीपासून दूर असावा. जेवणाशेजारी मोरी आपल्यालाही चालत नाही. माती दोन-तीन इंच असावी. घाण दिवसातून दोनदा उचलावी आणि आठवड्याने ट्रे साध्या साबणाने व गरम पाण्याने धुऊन कोरडा करावा. सुगंधी मातीच्या मोहात पडू नये. तो सुगंध आपल्या नाकासाठी असतो, मांजर त्याला विटून कोपरा शोधते.

कोपरा ओला झालाच, तर काय करावे? आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. चोळू नये, चोळल्याने ते सतरंजीत मुरते. मग थंड पाण्याने धुवावे. साबणाने डाग जातो, पण युरिक आम्लाचे सूक्ष्म स्फटिक मागे राहतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा डोके वर काढतो. उन्हाळ्यात गेलेला वास आषाढात परत येतो तो यामुळे. यासाठी विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेले, द्रव मिळतात. ते सांगितलेला वेळ ओले राहू द्यावे. पाण्यात मिसळलेल्या शिरक्याने अमोनिया दबतो, मूळ मात्र जात नाही. उदबत्ती व धूप वास झाकतात, घालवीत नाहीत.

दोन गोष्टी मुळीच करू नयेत. एक, मूत्राच्या जागी ब्लीच ओतू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. दुसरी, काळे फिनाईल वापरू नये. मांजर पाय चाटते, आणि फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार कमी असते. स्वच्छतेपायी विषबाधा व्हायची!

इतके करूनही वास राहिला, तर मांजराकडे पाहावे. भिंतीवर उभी पिचकारी उडत असेल तर ती हद्दीची खूण आहे. नसबंदीने बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा फार कमी होते. लघवीचे प्रमाण एकाएकी वाढले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतो, पण थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी, त्याच घटकेस पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्ग तुंबला की दोन-तीन दिवसांत प्राण जाऊ शकतो. अशा जनावराला ‘पुन्हा घाण केलीस’ म्हणून फटका मारणे किती क्रूर आहे, याचा विचार करावा.

घरात बाळ येणार म्हटले की मांजर हलवण्याचा सल्ला हमखास मिळतो. टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीचे भय खोटे नाही. परंतु विष्ठेतील त्याची बीजे संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ व्हावा, आणि गरोदर बाईऐवजी ते काम घरातील दुसऱ्या कुणी करावे. यजमानांना हे जड जाऊ नये.

राहता राहिले ते पोते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक दाखवून मी थांबू इच्छित नाही. मांजराला बोलता येत नाही. त्याची अडचण आणि दुखणे आपल्याला पुष्कळदा नाकानेच कळते. तेव्हा वास आला की आधी ट्रे पाहा, मग फडके पाहा, मग मांजर पाहा. या क्रमाने जाणाऱ्या घरात पोते शोधण्याची वेळ सहसा येणार नाही.