सावली गिळणारी पाल

आष्टीच्या (ता. परतूर) एका वाचकाने मोबाइलवर वाळक्या पानासारख्या शेपटीची पाल पाहिली आणि विचारले, ही आपल्याकडे सापडते का, घरात पाळता येईल का?

सापडत नाही. ती युरोप्लॅटस प्रजातीची, मादागास्करच्या जंगलातली. शेपटीवरच्या पानाच्या शिरा, किडीने कुरतडल्यासारख्या कडा लगेच नजरेत भरतात, पण खरी करामत यातल्या काही जातींच्या अंगाच्या कडेने असलेल्या कातडीच्या झालरीची! रंग कितीही जुळला तरी खोडावरचा प्राणी सावलीने पकडला जातो. अंग आणि साल यांच्यामधली काळी रेघ त्याला उघडे पाडते. युरोप्लॅटस सिकोरी ही जात दिवसा डोके खाली करून खोडावर पसरते, झालर सालीवर दाबते आणि ती रेघच पुसून टाकते. एवढे करूनही कुणी छेडलेच, तर लालभडक तोंड वासते.

पाळण्याचे म्हणाल तर तिला गारवा आणि दमट हवा लागते. मराठवाड्याचा उन्हाळा तिला कसा सोसावा? परदेशात काही हौशी लोक तिची पैदास करतात, पण बाजारात जंगलातून धरलेल्याही बऱ्याच येतात; त्यातल्या कित्येक प्रवासातच पाण्यावाचून खंगतात. म्हणून 2004 मध्ये ही सगळी प्रजाती साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. आपल्याकडेही असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते.

आणि नवल बघायला मादागास्कर कशाला? महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ माळांवर युब्लेफारिस फस्कस ही लेपर्ड गेकोची जात राहते. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. ही चक्क डोळे मिटते. तळव्यांना चिकटपणा नसल्याने भिंत चढत नाही, आणि जाड शेपटीत चरबी साठवून पडता काळ काढते.

अशा पालींकडे आपले लक्ष वळवण्यात सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांचा वाटा फार मोठा, आणि त्या मानाने त्यांचे नाव फारच कमी घेतले जाते. 2008 मध्ये त्यांनी आरन बाउअर यांच्यासोबत साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरून हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस ही नवी जात नोंदवली. अशा जातींचे अख्खे जग कधी कधी एका पठाराएवढेच असते.

मला घोर आहे तो इथेच. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई, आपल्या लेपर्ड गेकोची लांबची बहीण, 1999 मध्ये शास्त्राला कळली. शोधनिबंधातला पत्ता व्यापाऱ्यांनीही वाचला. ती मूळ ठिकाणाहून नाहीशी झाल्याचे 2006 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले. 2017 मध्ये लिंडेनमायर आणि शील या शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात अशा जातींचे नेमके ठिकाण छापू नका, असे बजावले. माहिती खुली असावी हे मलाही मान्य, पण निबंधात तालुक्याचे नाव पुरे. अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदवहीत आणि वन विभागाकडे राहू द्यावेत.