महिनाभर पाठ दुखते? तपासून घ्या
हडपसरच्या रामटेकडी, वैदुवाडीत आयाबाया पाठीला बाम चोळून कामाला जातात. ओझ्याने धरलेली पाठ आरामाने सुटते. पण दुखणं महिनाभर हटत नसेल, संध्याकाळी ताप, रात्री घाम येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो. खोकला नसला तरीही! क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात पोचतात, हाड पोखरतात. मणका खचला की पोक येतं, मज्जारज्जू दबून पाय लुळे पडतात.

ही करणी नव्हे. अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी, औषधं मोफत आहेत. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये मिळतात. गोळ्या वर्षभर किंवा जास्त चालतात. बरं वाटलं म्हणून सोडू नका. पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर त्याच दिवशी ससून गाठा.