ग्राहकाची प्रत आणि दुकानाची नोंद : महाजालावरील कार्टच्या नूतनीकरणाविषयी

महाजालावरून खरेदी करणाऱ्या ग्राहकास पडद्यावर जी ‘कार्ट’ दिसते, ती वस्तुतः कार्ट नसून तिची प्रत असते. मूळ नोंद दुकानाच्या सर्व्हरवर असते आणि तिची एक नक्कल ब्राउझर तात्पुरती आपल्याजवळ बाळगतो. ग्राहकाने एखादा नग वाढविला, काढून टाकला किंवा सवलतीचा कूपन-क्रमांक घातला, म्हणजे मूळ नोंद बदलते. नक्कल मात्र आपोआप बदलत नाही. ती केव्हा, कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या शब्दावर बदलावयाची, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय. हा प्रश्न सामान्यतः पडदा ताजा करण्याच्या तंत्राचा मानला जातो. आमच्या मते तो प्रथम अधिकाराचा प्रश्न आहे आणि तंत्राची निवड त्यानंतरची आहे.

पंचवटीत वावरणाऱ्यास ही वाटणी नवी वाटू नये. येथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नामावल्या पिढ्यानुपिढ्या राखीत आले आहेत. यजमान आला की त्याच्या आडनावावरून व मूळ गावावरून वही काढली जाते, पूर्वी कोण कोण येऊन गेले ते त्यास वाचून दाखविले जाते, आणि घरातील नवी नावे लिहून घेऊन त्याखाली त्याची सही घेतली जाते. घरात कोण जन्मले हे सांगण्याचा अधिकार यजमानाचा. परंतु पणजोबांनी काय लिहून ठेवले हे ठरविण्याचा अधिकार वहीचा. घरच्या वंशावळीत काही निराळे असले तरी जुनी नोंद वहीवरूनच वाचावयाची. कार्टमध्येही असेच दोन प्रकारचे मजकूर एकत्र नांदतात. कोणती वस्तू किती हवी हे ग्राहकाचे. दर, कर, शिल्लक माल व पाठवणीचा आकार हे दुकानाचे. बहुतेक दोष या दोहोंना एकाच नियमाने वागविल्यामुळे उद्भवतात.

या विषयास थोडा इतिहास आहे. महाजालाचा मूळ व्यवहार स्मृतिहीन आहे. एक मागणी पुरी झाली की सर्व्हर ती विसरतो. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ची योजना केली, आणि तिच्यामागील एक निकड खरेदीच्या कार्टचीच होती. त्या काळी प्रत्येक बदलानंतर संपूर्ण पान पुन्हा येत असे. ते मंद होते खरे, परंतु नक्कल दर वेळी नव्याने उतरली जात असल्यामुळे ती जुनी राहण्यास फारसा वावच नव्हता. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर पानाचा केवळ एक भाग बदलण्याची सोय आली आणि २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या पद्धतीस ‘एजॅक्स’ हे नाव दिले. पान टिकू लागले, आणि त्याबरोबर जुना मजकूरही टिकू लागला. सांप्रत एकाच पडद्यावर कार्टच्या तीन-चार नकला असतात : माथ्यावरील नगांचा आकडा, प्रत्येक वस्तूची ओळ, एकूण बेरीज, पाठवणीचा खर्च. त्यांपैकी एक बदलून बाकीच्या तशाच राहिल्या, तर पडदा स्वतःशीच विसंगत बोलू लागतो.

यातून काय घडू शकते हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. वेष्टनबंद व लेबल लावलेल्या नमकीन पदार्थांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, पंचवटीतील एखादा व्यापारी चिवड्याची पाकिटे महाजालावरून विकतो. करापूर्वीचा दर २०० रुपये, ६५० रुपये वा अधिक खरेदीस पाठवणी मोफत, एरवी ६० रुपये. ग्राहकाने २१ तारखेच्या रात्री दोन पाकिटे कार्टमध्ये ठेवली. पडद्यावर ४४८ रुपये आले. पान तसेच उघडे राहिले. सकाळी त्याने तिसरे पाकीट वाढविले. ब्राउझरने जवळच्या जुन्या दराने २२४ मिळवून ६७२ दाखविले आणि पाठवणी मोफत असल्याचेही सांगितले. सर्व्हरच्या हिशेबी मात्र तीन पाकिटांचे ६३० होतात. ते मर्यादेखाली असल्याने पाठवणीसह ६९० रुपये आकारले जातात. कर उतरला असूनही ग्राहकास पाहिलेल्या रकमेपेक्षा १८ रुपये अधिक मोजावे लागले! बेरजेत दोन्हीकडे चूक नाही. ब्राउझरने जो आकडा सांगण्याचा त्यास अधिकार नव्हता तो सांगितला, एवढेच.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे बदल पाठवून झाल्यावर कार्ट पुन्हा मागविणे. तो चुकीचा नाही, परंतु त्यात दोन खेपा पडतात आणि दोहोंच्या मध्ये आणखी काही बदलू शकते. त्यापेक्षा बदलाच्या उत्तरातच सर्व्हरने संपूर्ण कार्ट, नव्या बेरजेसह, परत धाडावी हे श्रेयस्कर. कार्ट ही लहान नोंद आहे. तिचे तुकडे पाठवून वाचणारे बाइट नगण्य असतात आणि त्यांपायी उद्भवणारी विसंगती मात्र महाग पडते. पडद्यावरील सर्व नकला या एकाच उत्तरावरून काढाव्यात, म्हणजे माथ्यावरचा आकडा एक व ओळीतला दुसरा असे होणार नाही.

तथापि उत्तरे ज्या क्रमाने मागितली त्याच क्रमाने येतील असा भरवसा नाही. ग्राहकाने अधिकचे चिन्ह लागोपाठ दोनदा दाबले आणि पहिले उत्तर मागाहून पोहोचले, तर जुनी कार्ट नवीवर लिहिली जाते. म्हणून प्रत्येक कार्टवर आवृत्तीचा चढता क्रमांक असावा आणि हाती असलेल्यापेक्षा कमी क्रमांकाचे उत्तर ब्राउझरने टाकून द्यावे. तद्वतच मागणीची भाषाही सांभाळली पाहिजे. ‘एक वाढवा’ ही आज्ञा मोबाइलच्या डळमळीत जोडणीवर दोनदा पोहोचली की दोन वाढतात. ‘तीन करा’ ही आज्ञा कितीदाही पोहोचो, तीनच होतात.

काही संकेतस्थळे उत्तराची वाट न पाहता बदल आधीच दाखवितात. या आशावादी पद्धतीस आमची हरकत नाही, मात्र ती ग्राहकाच्या अधिकारातील मजकुरापुरती असावी. नगांची संख्या तत्काळ बदलावी. बेरीज मात्र उत्तर येईपर्यंत फिकट दाखवावी किंवा ‘हिशेब चालू आहे’ असे म्हणावे. सर्व्हरने नकार दिल्यास आधीची संख्या पूर्ववत् करता यावी म्हणून ती जपून ठेवावी लागते, आणि नकाराचे कारणही सांगावे लागते. संख्या गुपचूप मागे गेली की ग्राहकास आपलेच बोट चुकले असे वाटते.

एकच ग्राहक दोन ठिकाणांहून, म्हणजे भ्रमणध्वनीवरून व घरच्या संगणकावरून, कार्ट हाताळतो तेव्हा प्रकरण अधिक नाजूक होते. एचटीटीपीमध्ये यासाठी जुनी सोय आहे. सर्व्हर नोंदीबरोबर ‘ईटॅग’ ही खूण देतो. बदल पाठविताना ब्राउझर ‘इफ-मॅच’ या शीर्षाखाली ती परत करतो, आणि मधल्या काळात नोंद बदललेली असल्यास ४१२ हे नकाराचे उत्तर येते. मग ताजी कार्ट आणून बदल पुन्हा मांडावयाचा. ॲमेझॉनने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डायनॅमो’ या प्रणालीच्या निबंधात मात्र निराळी निवड दिसते : कार्टमध्ये वस्तू घालण्याची मागणी कधीही नाकारावयाची नाही, आणि दोन भिन्न प्रती झाल्या तर त्या मागाहून एकत्र करावयाच्या. याची किंमत त्या लेखकांनीच नमूद केली आहे. काढून टाकलेली वस्तू एकत्रीकरणानंतर कधीकधी पुन्हा अवतरते. विक्रेत्याच्या दृष्टीने हा सौदा समजण्याजोगा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने तो तितकासा निरुपद्रवी नाही. सामान्य आकाराच्या दुकानाने त्याचे अनुकरण करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

ग्राहक पानावर परतला की कार्ट पुन्हा मागविणे, ही खबरदारी स्वस्त आहे व ती घ्यावीच. तरीही नक्कल कधीतरी जुनी राहणारच, हे गृहीत धरून शेवटची तपासणी पैसे घेण्याच्या जागी ठेवावी लागते. मागणी नोंदविताना ब्राउझरने ग्राहकास दाखविलेली रक्कम व कार्टचा आवृत्ती-क्रमांक सोबत पाठवावा. सर्व्हरने स्वतःच्या दराने नवा हिशेब करावा, पण तो पाठविलेल्या रकमेशी जुळला नाही तर पैसे न घेता थांबावे आणि काय बदलले ते ओळीनिशी दाखवून नव्याने संमती घ्यावी. वरील उदाहरणात ६७२ च्या जागी ६९० मागण्यापूर्वी ग्राहकास ‘कर कमी झाल्याने खरेदी ६३० रुपयांची झाली, त्यामुळे पाठवणीचे ६० रुपये पडतात’ असे कळले असते, आणि कदाचित त्याने आणखी एक पाकीट वाढविले असते.