काळ्या मातीत मेख कशी टिकते

तंबू विकत घेताना माणूस कापड बघतो, शिवण बघतो, आत किती जण झोपतील ते विचारतो. मेखांची पुरचुंडी मात्र दुकानात कुणी उघडूनही पाहत नाही. तीत बहुधा तीन-चार मिलिमीटर जाडीच्या तारेचे, वरून वाकवलेले वीतभर तुकडे असतात. बागेतल्या हिरवळीला ते पुरतात, बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात पुरत नाहीत. इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना पायाखालची जमीन इतकी बदलते, की एका मुक्कामी घट्ट बसलेली मेख दुसऱ्या मुक्कामी दोन बोटांनी उपसून येते.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, त्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं अंबाबरवा अभयारण्य. डोंगराच्या पायथ्याशी सोनाळा, टुनकी. तिथून खाली उतरत वरवट बकाल, पातुर्डा यांच्या बाजूला काळी सपाटी, आणि पुढे पूर्णा नदीचं खोरं. सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी आले की त्यांचा वेग मोडतो. जड गोटे आधी पडतात, मग खडी, मग वाळू, आणि सगळ्यात बारीक गाळ दूरवर जाऊन बसतो. गोट्यांच्या या पायथ्याच्या पट्ट्याला भूजलाचे अभ्यासक बझाडा म्हणतात. म्हणजे तालुक्याच्या वरच्या अंगाला दगडगोटे आणि खालच्या अंगाला चिकणमाती, असा निसर्गानेच चाळणी लावून केलेला हिशेब आहे.

मेखेचा प्रश्न इथे फक्त हौशी भटक्यांचा नाही. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जाणारा शेतकरी ताडपत्री ताणतो. मेंढपाळांची पालं पडतात. लग्नसराईत रिकाम्या वावरात मांडव उभा राहतो, आणि नेमकी तीच वेळ वळवाच्या वाऱ्याची असते. वारा किती ओढतो, याचा हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला ०.६ने गुणा, दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब साधारण साडेसात किलो वजनाएवढा भरतो. वारा ताशी ८० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. दोन माणसांच्या लहान तंबूची एक बाजू दोन चौरस मीटर धरली, तरी वाऱ्याकडच्या तीन-चार मेखांवर मिळून ६० किलोंची ओढ येते, आणि तीही एकसारखी नव्हे, हिसक्या-हिसक्याने.

ही ओढ झेलते ती खरं तर माती. मेख फक्त ती मातीपर्यंत पोचवते. दोरी ओढली की मेखेचं डोकं तंबूकडे झुकू पाहतं आणि तिच्या पुढची माती दाबली जाऊन उलट रेटते. ब्रिटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८५७ साली मातीच्या या रेट्याचं गणित मांडलं. धरणांच्या आणि पुलांच्या भिंतींसाठी आजही ते वापरतात. कोरड्या, सुट्या मातीत हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा सेंटिमीटरची मेख तीस सेंटिमीटरची केली तर पकड दुपटीने नाही, जवळजवळ चौपटीने वाढते. म्हणून मेख निवडताना धातू कोणता याआधी लांबी किती हे विचारावं. नंतर मेखेचं तोंड किती रुंद ते पाहावं, कारण जितकी जास्त माती समोर अडेल तितका रेटा जास्त.

आता काळी माती. सातपुड्याचा आणि दख्खनचा काळा बसाल्ट हजारो वर्षं झिजून जी चिकणमाती होते, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर अतिशय पातळ, एका नॅनोमीटरच्या आसपास. थरांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. या खनिजाच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या थरांचं पृष्ठफळ सातशे चौरस मीटरच्या घरात जातं. एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून ठेवणारी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते.

मे महिन्यातल्या वावरात मेख ठोकून बघा. वरचं दोन बोटं ढेकूळ भुसभुशीत असतं, त्याखाली माती विटेसारखी. बारीक तार पहिल्या चार घावांतच वाकते. जाड मेख आत जाते, पण घाव बसता बसता ढेकळाला तडा जातो आणि मेखेभोवतीचा अख्खा तुकडा हलू लागतो. भेगा बोटं सहज जातील एवढ्या रुंद असतात, काही ठिकाणी मीटरभर खोल. भेगेच्या कडेला ठोकलेल्या मेखेपुढे रेटायला मातीच नसते; भेगेत पोकळी असते. म्हणून उन्हाळ्यात भेगांच्या जाळीतल्या मोठ्या ढेकळाचा मध्य शोधावा. आदल्या दिवशी तिथे थोडं पाणी जिरवलं तर मेख सरळ आत जाते. पाणी जास्त झालं मात्र, की पकड गेली.

पावसाळ्यात याच्या उलट. मेख लोण्यात जावी तशी जाते, आणि तीच धोक्याची खूण आहे. ओल्या चिकणमातीला ओढ सोसवत नाही. ती हळूहळू सरकते. संध्याकाळी ताठ असलेली दोरी मध्यरात्री सैल पडते, मेख एक इंच पुढे झुकलेली दिसते. खारपाण पट्ट्यात हे अधिकच. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात मातीत सोडियम जास्त. कॅल्शियम मातीचे कण एकत्र धरतो, सोडियम ते विखरून टाकतो. जिप्सम टाकून जमीन सुधारणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विखुरलेल्या मातीचा चिखल निसरडा होतो आणि वाळला की वर टणक पापुद्रा धरतो. अशा जमिनीत धातूच्या चकचकीत मेखेपेक्षा बाभळीचा किंवा बांबूचा हातभर, जाड खुंटा माझ्या मते केव्हाही चांगला. तो रुंद असतो, खरबरीत असतो, आणि खोल जातो. तरीही वाऱ्याचा भरवसा नसेल तर एका मेखेमागे दुसरी मेख ठोकून दोघींना दोरीने जोडावं. पुढची झुकू लागली की मागची तिला धरते.

जुन्या फौजांनाही या मातीचा धाक होता. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यानंतर मोहीम ही रीत नद्यांच्या पुरामुळे पडली, तशीच या चिखलामुळेही. संग्रामपूरच्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ भोसले-शिंद्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य यांच्यात लढाई झाली ती २९ नोव्हेंबर १८०३ रोजी. तोवर माती वाळून घट्ट होते, पण उन्हाळ्यासारखी फाटलेली नसते. काळ्या जमिनीवर तंबू मारायला नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ सर्वात बरा.

सोनाळ्याच्या वर गेलात की सगळा विचार उलटा करावा लागतो. गोट्यांच्या जमिनीत रुंद मेख आत जातच नाही. इथे हवी बारीक पण ताठ मेख, जी दोन दगडांमधली फट शोधत जाईल. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणून ४ मिलिमीटरच्या तारेपेक्षा त्याच पोलादाची ८ मिलिमीटरची सळई सोळापट ताठ असते. बांधकामाच्या सळईचा फूटभर तुकडा, एका टोकाला धार आणि दुसरं टोक वाकवलेलं. गावातला लोहार हे काम सहज करतो. अशी एक मेख साधारण १२० ग्रॅमची, म्हणजे आठ मेखा किलोभर. पाठीवर ओझं नको असणाऱ्यांसाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची ॲल्युमिनियमची मेख उत्तम. तिचा छेदच असा असतो की कमी धातूत जास्त ताठपणा मिळतो. पण गोट्यांवर हाणली तर तिची कड दुमडते. जिथे काहीच आत जात नाही तिथे दोरी दगडाला बांधतात. मात्र वीस किलोचा दगड वीस किलोंची ओढ सोसत नाही. खडीवर तो साधारण निम्म्या ओढीलाच घसरू लागतो. दोरी एका छोट्या दगडाला बांधून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवावा. छोटा दगड सरकताना मोठ्याला अडतो.

मेखेचं डोकं तंबूपासून दूर कललेलं हवं, पण पंधरा-वीस अंशांपुरतंच. पुष्कळ जण पंचेचाळीस अंश कलवतात. त्यात तीस सेंटिमीटरची मेख प्रत्यक्षात एकवीस सेंटिमीटरच खोल जाते. दोरी लांब सोडणंही तितकंच महत्त्वाचं. खांबाच्या उंचीएवढ्याच अंतरावर मेख ठोकली तर ओढीचा सत्तर टक्के भाग तिला वर उपसतो. अंतर दुप्पट केलं तर हा भाग पंचेचाळीस टक्क्यांवर येतो. यासाठी पैसा लागत नाही, फक्त दोरी लागते.

नाल्याच्या वाळूत मात्र मुक्काम करू नका, मेख कितीही चांगली बसो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने काय हाल केले ते लोकांना आठवतं. डोंगरात पडलेला पाऊस खाली पोचतो तेव्हा खाली आकाश कोरडंही असू शकतं. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय आणि वावरात मालकाला विचारल्याशिवाय तंबू मारू नये. आणि निघताना मेखा मोजून पिशवीत भरा. काळ्या मातीत हरवलेली एक सळई पुढच्या हंगामात वखराच्या पासेला अडते, नाहीतर बैलाच्या खुरात जाते.